भिंतीवरची असई

पत्र थोडक्यात असं: मूळ भोकरदन तालुक्यातले, सध्या छत्रपती संभाजीनगरला नोकरी करणारे एक वाचक लिहितात, की त्यांनी नुकताच फ्लॅट घेतला. हॉलच्या मोठ्या भिंतीवर, सोफ्याच्या वर, असईच्या लढाईच्या जुन्या इंग्रजी लष्करी नकाशाची छापील प्रत लावायची त्यांची फार इच्छा आहे. ४ फूट बाय ३ फूट, फ्रेमसकट १४,००० रुपये. विकणारा 'अँटिक, लिमिटेड एडिशन' म्हणतो आहे. पण त्यांचे वडील, आप्पा, निवृत्त शिक्षक, वास्तुशांतीला आले आणि नकाशाचा फोटो बघून म्हणाले, "ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या हातचा कागद समोर ठेवून मी चहा पिऊ का?" ते गावी गेले ते अजून फिरकलेले नाहीत. बायकोचं म्हणणं वेगळं. लढाईचं चित्र घरात लावू नये, आणि तो पिवळा कागद हॉल अंधारा करील. पणजोबांना शेत नांगरताना सापडलेला एक लोखंडी गोळा गावच्या घरी देवळीत आहे, असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय. "ताई, मला आवड इतिहासाची आहे, इंग्रजांची नाही. माझं चुकतंय का? नकाशा घेऊ की नको?"

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य फार घाईनं येऊन गेलंय. गोळ्याचं. त्यावर तुम्ही पुढं काहीच लिहिलं नाही, लगेच फ्रेमच्या किमतीकडे वळलात. मी मात्र तिथंच अडकून बसले. ज्या घरात असा गोळा चार पिढ्या देवळीत सांभाळला जातो, त्या घरातला म्हातारा माणूस "नकाशा नको" म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काय नको असतं, हे मला कळून घ्यावंसं वाटलं. त्याकडे येतेच. आधी नकाशा बघू.

तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. दोन नद्या, मधे चिंचोळा पट्टा, त्यात फौजांचे आयत. नद्यांची नावं वाचलीत का? एक 'कैटना', दुसरी 'जुआ'. तुमच्या गावच्या कुठल्याही लेकराला विचारा, या नद्या कुठं आहेत म्हणून. त्याला सांगता येणार नाही. या तुमच्या केळना आणि जुई. परक्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं गेलं, लिहिलं तसं छापलं गेलं, आणि इंग्रजी पुस्तकांत ती नदी आजवर 'कैटना'च राहिली. आप्पांना जे खटकतंय त्याचा एक धागा मला या एका शब्दात दिसतो. ज्या नदीत ते पोहायला शिकले असतील, तिचं नाव त्या कागदावर नाही.

आता लढाई. शाळेत आपण ती दोन ओळींत शिकतो, म्हणून नकाशावर बोट ठेवून वाचू. २३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळनेच्या उत्तर काठावर, केळना आणि जुईच्या मधल्या पट्ट्यात उभी होती. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीला सांगितलं की दुसरीकडे उतार, म्हणजे नदी पायी ओलांडण्याजोगी जागा, नाही. त्यानं पाहिलं तर नदीच्या अल्याड एक गाव आणि पल्याड, जवळजवळ समोरच, दुसरं गाव. दोन गावं अशी समोरासमोर वसलीत म्हणजे माणसांच्या जाण्यायेण्याची वाट असणारच, असं त्यानं ताडलं. उतार निघाला. फौज पूर्वेकडून त्या दोन नद्यांच्या बेचक्यात शिरली, आणि शिंद्यांच्या पलटणींना आपली सगळी रांग वळवून तोंड फिरवावं लागलं. तुमच्या नकाशावर पिंपळगावाजवळ जी वाट नदीत उतरते, ती हीच. गावकऱ्यांच्या रोजच्या पायाखालची वाट. मी हे वाचते तेव्हा मला सेनापतीपेक्षा त्या वाटेचं जास्त वाटतं.

नकाशात जे नाही तेही सांगते. शिंद्यांच्या गोलंदाजांनी तोफांची जागा सोडली नाही. संगिनी अंगात शिरेपर्यंत ते तोफांपाशी उभे होते, हे इंग्रज अधिकाऱ्यांनीच लिहून ठेवलंय. वेलस्लीच्या बाजूचे ४२८ ठार आणि १,१३८ जखमी झाले, ९८ तोफा त्याच्या हाती लागल्या. पुढं हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनला त्यानं हरवलं, आणि तरीही लढाईतली आपली सर्वांत मोठी कामगिरी कोणती असं विचारल्यावर त्यानं असईचं नाव घेतलं. त्याच्या बाजूच्या मेलेल्यांचा आकडा नगाला नग मोजलेला आहे. आपल्याकडच्यांचा अंदाजच आहे. नकाशातही तसंच. कुठली पलटण कुठं होती ते रेघेनं दाखवलंय, आणि असई गाव म्हणजे नदीकाठचे चार ठिपके.

म्हणून तुमच्या "मला आवड इतिहासाची आहे, इंग्रजांची नाही" या वाक्यापाशी मी जरा थांबते. तुमची आवड खरी आहे, त्यात शंका नाही. पण नकाशा म्हणजे नुसती माहिती, बाजू न घेणारी, असं तुम्ही धरून चाललाय. लष्करी नकाशा कुणीतरी कुणासाठी तरी काढलेला असतो. जेम्स रेनेलचा १७८२ सालचा 'हिंदुस्तान'चा नकाशा भिंतीवर लावायला अनेकांना आवडतो. त्याच्या कोपऱ्यातलं चित्र कधी नीट बघा. ब्रिटनचं प्रतीक असलेली ब्रिटानिया आहे आणि पंडित तिच्यापुढं आपली शास्त्रं ठेवताहेत. मुलूख कुणाचा समजायचा, हे कोपऱ्यात चित्र काढूनच सांगितलंय. असा नकाशा लावू नये असं माझं म्हणणं नाही. तो कुणाच्या डोळ्यांनी काढलाय ते शेजारी मराठीत लिहून लावा, एवढंच.

आणि आप्पांच्या "आपल्याला हरवलं" मधल्या 'आपण'चं काय? इथं तुम्ही त्यांच्याशी वाद घालू शकाल, मुद्दे तुमच्याकडे भरपूर आहेत. वेलस्लीच्या फौजेत मद्रासचे देशी शिपाई मोठ्या संख्येनं होते. म्हैसूरचे घोडेस्वार होते, आणि पेशव्यांचेही होते, कारण वसईच्या तहानं पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बाजूला गेले होते. लढाई झाली ती जमीन निजामाच्या मुलखातली, आणि निजामही इंग्रजांचाच मित्र. मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आजही जो हत्ती आहे तो असईचा. हे सगळं खरं आहे. पण कृपा करून हे मुद्दे आप्पांच्या अंगावर फेकू नका. ते निवृत्त शिक्षक आहेत, यातलं बरंच त्यांना तुमच्याआधीपासून माहीत असेल. त्यांचं 'आपण' कुठल्या दरबाराचं नसावं. ज्या रानात गोळा निघाला त्या रानाचं ते असावं. नांगर त्यांच्या आजोबांच्या हातात होता.

एक प्रश्न विचारते, मनाला लावून घेऊ नका. वास्तुशांतीला आप्पा आले तेव्हा नकाशा ठरून गेला होता का? पत्रावरून तसं वाटतं. फोटो दाखवला म्हणता, विचारलं म्हणत नाही. ज्या गावात त्यांनी जन्म काढला त्या गावावरचा कागद मुलानं निवडला, त्याच्या किमतीबद्दल, मापाबद्दल बोलला, पण "आप्पा, यात आपलं शेत कुठं येतं?" असं विचारलं नाही. मी आप्पा असते तर मीही लढाईचं निमित्त करून निघून गेले असते.

हे मला माझ्याच घरात कळलं. माझं माहेर अंबाजोगाई. निजामाच्या काळात गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि तिथं हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या निजामाच्या फौजेची, छावणी होती. काही वर्षांपूर्वी 'मोमिनाबाद' छापलेल्या एका जुन्या नकाशाची प्रत मी मोठ्या हौसेनं आईला नेऊन दिली. आईनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "योगेश्वरी कुठंय?" देऊळ नव्हतं. छावणी होती, रस्ते होते. मी समजावायला लागले की हा कसा लष्कराच्या सोयीचा नकाशा असतो, तर ती म्हणाली, "मग पेन्सिल आण." त्या कागदावर तिनं देऊळ काढलं, आपलं जुनं घर काढलं, नदीला जयंती असं नाव लिहिलं. तो नकाशा अजून तिच्या खोलीत आहे. आलेल्यागेलेल्याला ती छावणी दाखवत नाही, देऊळ दाखवते.

आता तुमच्या बायकोचं म्हणणं. महाभारताच्या युद्धाचं चित्र घरात लावू नये, हे मीही लहानपणापासून ऐकत आले. त्यामागं घरात भांडणाची आठवण रोज नको ही साधी समज आहे, आणि ती मला हसण्यावारी नेण्यासारखी वाटत नाही. घर दोघांचं आहे. हॉलमध्ये दिवसभर वावर तिचा असेल तर त्या भिंतीवर पहिला शब्द तिचा. आणि पिवळ्या कागदाबद्दल तर ती अगदी बरोबर आहे. १८०३ च्या सुमाराचा कागद चिंध्यांपासून बनायचा, तो नीट ठेवला तर बराच पांढरा राहतो. लाकडाच्या लगद्याचा, लवकर पिवळा पडणारा कागद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास झाला. तुम्हाला दाखवलेला चहाच्या रंगाचा पिवळेपणा बहुतेक वेळा छापताना घातलेला असतो, जुनं दिसावं म्हणून. तो रंग काढून मूळ स्कॅनसारखी प्रत छापली की हॉल अंधारा होण्याचा प्रश्न निम्मा सुटतो.

विकणाऱ्याबद्दल स्पष्ट सांगते. छापील प्रत ही 'अँटिक' नसते. भिंग घेऊन जा आणि एखाद्या बारीक रेघेवर धरा. रंगांचे सूक्ष्म ठिपके दिसले तर ते आजचं यंत्रावरचं छापकाम. तांब्याच्या पत्र्यावर कोरून केलेल्या जुन्या छपाईत रेघ अखंड असते, शाई कागदावर किंचित उठलेली असते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब कागदात उमटलेला असतो. तसं काही असेल आणि तो "खरा जुना" म्हणत असेल, तर मग परवाना विचारा. १०० वर्षांपेक्षा जुन्या ऐतिहासिक वस्तूंच्या व्यापाराला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली परवाना लागतो. 'लिमिटेड एडिशन' या शब्दांनाही कितीतली कितवी प्रत आणि कुठल्या ग्रंथालयातल्या मूळ नकाशावरून, हे लेखी दिल्याशिवाय काही अर्थ नाही.

माझा सल्ला, ती १४,००० ची फ्रेम घेऊ नका. इतक्या जुन्या नकाशावर आता कुणाचा कॉपीराइट उरलेला नाही. मोठी ग्रंथालयं आणि नकाशासंग्रह असे नकाशे मोठ्या आकारात स्कॅन करून खुले ठेवतात. वापराच्या अटी तेवढ्या वाचून घ्या. ३ फूट बाय २ फूट छापायचं तर ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपक्यांना, १०,८०० बाय ७,२०० पिक्सेल लागतात, २०० ला ७,२०० बाय ४,८०० वर भागतं. त्याहून लहान फाइल ताणून छापली की सगळ्यात आधी गावांची नावं फुटतात, आणि नावंच वाचता येणार नसतील तर नकाशा कशाला. फ्लेक्सवाल्याकडे जाऊ नका. फोटो छापणाऱ्या चांगल्या स्टुडिओत पिगमेंट शाईवर, जाड सुती कागदावर काढून मागा. साध्या डाय शाईची प्रत मी एकदा आणली होती, पश्चिमेच्या खिडकीसमोर लावली, आणि दोन उन्हाळ्यांत नद्या भुरकट झाल्या.

फ्रेमवाल्याकडे आपण पट्टी निवडण्यात तास घालवतो आणि मागं काय लावणार हे विचारतच नाही. विचारा. प्रत बोर्डाला डिंकानं किंवा फेविकॉलनं चारी बाजूंनी चिकटवू देऊ नका, वरच्या कडेला दोन बिजागऱ्यांसारख्या कागदी पट्ट्यांवर लटकवून घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कूलर चालतो, त्या ओल्या हवेत कागद फुगतो, कूलर बंद केला की आक्रसतो. चारीकडून जखडलेला कागद अशानं लाटांसारखा उठतो. मागचा बोर्ड आम्लमुक्त घ्या, एमडीएफ थेट कागदाला टेकू नये. काच आणि कागद यांच्यामधे माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंतीशी वारा खेळता राहील, ओल आणि कसर दोन्ही टळतील. कूलरच्या तोंडासमोर आणि पावसाळ्यात पोपडे धरणाऱ्या भिंतीवर नको.

आणि सोफ्याच्या वर तर नकोच. चित्र लांबून बघतात, नकाशा जवळ उभं राहून वाचतात. सोफ्यावर गुडघे टेकून कुणी केळना शोधत बसत नाही. तुमच्या फ्लॅटला पॅसेज असेल, किंवा पुस्तकांच्या कपाटाशेजारची भिंत, तिथं लावा, मधला भाग जमिनीपासून ५ फुटांवर. हॉलची भिंत बायकोला मोकळी सुटेल, आणि नकाशाला माणसं जवळ येतील अशी जागा मिळेल.

शेजारी आजचा नकाशाही लावता येईल. सर्वे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. त्यात १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन्ही जवळ लावले की तुमचं पोरगं स्वतःच 'कैटना' आणि केळना जुळवील.

हेच पत्र वेगळ्या शब्दांत मला आणखी काहींनी लिहिलंय, त्यांच्यासाठी एक गोष्ट. हरलेल्या लढाईपेक्षा जिंकलेली लावू म्हणून उदगीर (१७६०) किंवा राक्षसभुवन (१७६३) यांचे नकाशे शोधणारे बरेच आहेत. इच्छा समजते, दोन्ही जागा आपल्याच मराठवाड्यातल्या. पण त्या काळी आपल्याकडचे नकाशे हातानं काढलेले, मोडीत लिहिलेले असत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे नकाशे आहेत. 'त्या काळचा छापील मराठी लष्करी नकाशा' म्हणून कुणी काही विकत असेल तर तो आजच काढून चहात बुडवलेला असण्याचीच शक्यता फार. नवा काढलेला नकाशा नवा म्हणून लावण्यात काहीच कमीपणा नाही. खाली वर्ष खरं लिहा, म्हणजे झालं.

आता गोळा. आधी बघा, तो भरीव आहे की त्याला भोक आहे. भोक असेल तर तो पोकळ, दारू भरायचा गोळा असू शकतो. त्याला हात न लावता, न घासता, न तापवता पोलिसांना कळवा. भरीव असेल तर काळजी नाही. वजन करा आणि व्यास मोजा. सहा पौंडी तोफेचा गोळा साधारण साडेतीन इंच व्यासाचा, पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. जुळला तरी तो असईचाच असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण आप्पांशी बोलायला तेवढं पुष्कळ आहे. पॉलिश पेपरनं घासू नका, रंग देऊ नका, कोरडा ठेवा. आणि सजावटीसाठी शहरात आणू नका. त्याची जागा देवळीतच.

येत्या सुट्टीत एकटे जाऊ नका, बायको-पोरांना घेऊन जा. फ्रेम करायच्या आधी, साध्या कागदावर काढलेली प्रत घडी घालून सोबत न्या. लष्करातही नकाशे तुकडे करून, मागं कापड चिकटवून घडी घालून खिशातच फिरायचे. चहा झाला की आप्पांना घेऊन केळनेच्या काठावर जा आणि प्रत त्यांच्या हातात द्या. काही समजावू नका. त्यांना शेत शोधू द्या, पिंपळगावचा उतार शोधू द्या, जमलं तर पणजोबांचा नांगर कुठं अडला ते दाखवू द्या. मग त्यांना नावं लिहायला सांगा, मराठीत, त्यांच्याच अक्षरात. पेन नको, २बी पेन्सिल न्या. ती कागदाला बोचत नाही आणि चुकलं तर खोडता येतं. भिंतीवर जी प्रत जाईल ती मग तीच, आप्पांच्या अक्षरांसकट. ते लिहायला नको म्हणाले, तर प्रत त्यांच्यापाशीच ठेवून या आणि पॅसेजची भिंत तूर्त रिकामी राहू द्या.